वरच्या फळीवरचा तागा

मोहनशेठ गेल्याची बातमी त्यांच्याच मोबाइलवरून आली. नाव त्यांचं दिसलं, म्हणून मी फोन उचलताच म्हणालो, "काय शेठ, आज कोणता नवा शब्द?" पलीकडे त्यांचा मुलगा राजू होता. "काका, बाबा गेले," तो म्हणाला. महिना उलटला, तरी माझं ते वाक्य मला टोचतं.

शहाद्यात त्यांचं कापडाचं दुकान. घरात मारवाडी, गिऱ्हाइकाशी अहिराणी. मुलगी लग्न करून स्पेनला गेली, आणि नात तारा सहा वर्षांची झाली तरी तिला फक्त स्पॅनिश येई. नातीशी बोलायचंच, म्हणून सत्तरीत शेठ मोबाइलवर ती भाषा शिकायला बसले. मी मराठीचा निवृत्त मास्तर. संध्याकाळी त्यांच्या गादीवर बसून त्यांची टर उडवणं हा माझा उद्योग. एकदा तीन तागे दाखवून म्हणाले, "गुरुजी, आपलं हे अन् ते, दोनमा भागस. त्यास्ना स्पॅनिशमा तीन शब्द शेतस. एस्ता मन्हाजवळनं, एसा तुम्हनाजवळनं, अन् आकेया ते दूरनं, वरनं."

"जन्मभर व्याकरण शिकवलं मी, अन् मला कापडावर शिकवता?" मी फणकारलो. पण खोटं कशाला बोलू, इतकं सोपं करून मी कधीच काही शिकवलं नाही.

दर रविवारी व्हिडिओ कॉल. शेठ हातातला तागा उलगडून विचारत, "एस्ता?" तारा मान हलवी आणि ओरडे, "आकेया!" म्हणजे वरच्या फळीवरचा, लाल ठिपक्यांचा. शेठ धापा टाकत स्टुलावर चढत, तो काढत, ती टाळ्या पिटी. कॉल संपला की तागा पुन्हा वर. ती सुट्टीत आली की तिच्यासमोर काढून फ्रॉक शिवायचा, हे ठरलेलं. विकलेल्या ताग्याला दोरा बांधायची शेठची रीत होती. होळीसाठी मोलगी गावची एक बाई नेमका तोच मागू लागली, तर दोरा दाखवून म्हणाले, "बाई, विकाई गयं ते." त्यांनी गिऱ्हाईक परत पाठवलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं.

शेठ गेल्यावर आठवड्याभराने तारा आली. शेठना तेवढं थांबता आलं नाही. राजूने तागा आधीच गादीवर काढून ठेवला होता. मी उलगडून विचारलं, "एस्ता?" पोरीने मान हलवली, रिकाम्या फळीकडे बोट केलं. "आकेया."

"काका, तिथं तर काहीच नाही," राजू म्हणाला.

मी तागा गुंडाळला, कुरकुरत्या गुडघ्यांनी स्टुलावर चढलो, तो वर ठेवला आणि पुन्हा काढून खाली आणला. या वेळी टाळ्या नव्हत्या. तिने ताग्याला मिठी मारली आणि हळूच म्हणाली, "एस्ता." मी ढसाढसा रडलो, भर दुकानात.

फ्रॉक शिवून झाला, तारा परत गेली. उरलेला तागा राजूने दोरा बांधून वर ठेवलाय. कुणी मागितला तर तो वर न बघताच सांगतो, "विकाई गयं ते."