आजचा बोर्ड कुठल्या ब्राउजरमध्ये

पुण्याच्या मुलीनं फोनवर सांगून टाकलं, "आई, तुमचा ब्राउजर फार जुना झालाय. कोर्टाची साइट त्यात उघडायची बंद होईल. दुसरा घे एखादा." गॅसची नळी बदल म्हणावं तितक्या सहज.

मळमड्डीतल्या आमच्या घराची सकाळ त्या ब्राउजरवर चालायची. हे धारवाडच्या कोर्टातले वकील. प्रॅक्टिस केव्हाच सोडली, तरी चहा झाला की संगणकापुढं बसून आजचा बोर्ड बघायचा, म्हणजे कुठल्या कोर्टात कुणाची केस लागलीय ते. मग त्यातला कुठला वकील कसा गाढव आहे हे मला ऐकवायचं. अलीकडे ह्यांना विसरायला होऊ लागलं होतं. आधी किल्ल्या, मग शेजाऱ्यांचं नाव, मग एकदा भाजी आणायला जाऊन भलत्याच गल्लीत उभे. डॉक्टर म्हणाले, "रोज जे करतात ते करू द्या. सवय मोडू नका." आणि आता सवयच मोडायची वेळ.

मी हायस्कुलात गणित शिकवलेली बाई. पारखल्याशिवाय काही घेत नाही. ह्यांची दुपारची झोप लागली की एकेक ब्राउजर उतरवून बघायला बसायची. पहिला चपळ, पण त्यानं आमचा म्हातारा संगणक असा धापा टाकायला लावला की झोपमोड व्हावी. दुसरा उघडला की नटनट्यांची लग्नं आणि गुडघेदुखीची तेलं; त्या बाजारात बोर्ड शोधेपर्यंत हे कुठं पोचतील याची मला धास्ती. तिसरा साधा, शांत, कुणाच्या अध्यात ना मध्यात. शिवाय त्याचा मेनू मराठीत करता येत होता. मला तेवढ्यानंच भरून आलं. माणूस सगळं विसरला तरी आपली भाषा विसरत नाही, असं माझं मत. मी सगळं मराठी केलं, जुन्याच्या जागी नवा ठेवला आणि देवाला हात जोडले.

सकाळी हे बसले. मी पोळ्या लाटता लाटता कान तिकडं लावून. भाष्य नाही, खाकरणं नाही. जाऊन बघते तर माउसवर हात ठेवून नुसते बसलेले.

"बोर्ड कुठं गेला की? काल होता," म्हणाले. आवाजात राग असता तर बरं वाटलं असतं. त्यात भीती होती.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी संगणकाकडं फिरकलेच नाहीत. आजार पुढं सरकला की मीच हातानं ढकलला, हेच कळेना. मुलीला फोन लावायची आणि रिंग वाजायच्या आत कट करायची.

उलगडा झाला तो ह्यांच्या मोबाइलमुळं. बाहेर कट्ट्यावर बसून हे त्यावर बातम्या वाचत होते, न अडखळता, बोटानं पान सरकवत. मोबाइल कानडीत होता. आणि आठवलं, जुना ब्राउजरही कानडीतच होता. मी कपाळावर हात मारला. ह्यांचं बालपण कलघटगीला गेलं, शाळा कानडी. घरात मराठी फर्डं बोलतात, पण मराठी मासिक मी वाचायचं आणि ह्यांनी ऐकायचं, ही आमच्याकडची रीत. हिशेब कानडीत, पाढे कानडीत, कोर्ट तर कानडीतच. मराठी त्यांना जेवायला आणि भांडायला लागायची. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, पण आपली भाषा म्हटलं की आम्हा मराठी घरांना दुसरं काही सुचतच नाही.

त्याच दुपारी मी त्या शांत ब्राउजरला कानडी केलं. सकाळी हे बसले आणि थोड्या वेळानं आवाज आला, "अगं, ऐकलंस का? त्या गाढवानं पुन्हा तारीख घेतली." मी स्वयंपाकघरात उभ्याउभ्या रडले. मग मुलीला फोन करून कुठला ब्राउजर चांगला यावर तिलाच व्याख्यान दिलं.

बरेच दिवस ठीक गेले. बोर्ड, भाष्य, चहाचा दुसरा कप. मला झोप लागू लागली.

परवा तो दुसरा कप घेऊन मी त्यांच्याजवळ गेले. ह्यांनी पडद्यावरून नजर काढली, चष्मा वर केला आणि समोरची खुर्ची दाखवत म्हणाले, "बर्री, कुंदर्री. एन केस ऐतरी?" या, बसा, काय केस आहे तुमची.

मी त्यांच्या चेहऱ्यावर हसू शोधलं. थट्टा करायची ह्यांना जन्माची खोड. हसू नव्हतं. अनोळखी बाईशी बोलताना असते तेवढी अदब होती. सगळ्या संसारात ह्यांनी मला कधी अहोजाहो केलं नव्हतं.

कप टेबलावर ठेवला, खुर्ची ओढून बसले, आणि मीही कानडीतच म्हणाले, "ऐतरी, साहेबर." आहे केस, साहेब.