गुडघा दुखत होता, बिघाड कमरेत होता

मिरजेच्या डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडावर धरली. म्हणाले, "गुडघा चांगला आहे. कमरेच्या मणक्यातली चकती सरकलीय, तिच्या दाबानं नस चिडलीय." याला लंबर रॅडिक्युलोपॅथी म्हणतात. म्हणजे कमरेतून पायात उतरणाऱ्या नसेला मुळाशीच होणारा त्रास. मला काहीच वाटलं नाही. फिल्मच्या कोपऱ्यातलं स्वतःचं नाव वाचत राहिले.

सोबत माझे चुलते होते, तात्या. सैन्यातून आल्यापासून ते उंब्रजजवळच्या आमच्या गावात मुलींकडून पोलीस भरतीची तयारी करून घेतात.

"आवं डॉक्टर, पोरगी गुडघा धरून बसतीया, आन् तुमी कमरंचं सांगताय व्हय?"

डॉक्टरांनी मला पाय लोंबते सोडून बसवलं आणि गुडघ्यांखाली रबरी हातोडी मारली. डावा पाय उडाला. उजवा हललाच नाही.

"मांडीच्या स्नायूला हुकूम या नसेतून जातो. तो पोचला नाही की स्नायू सैल पडतो. मग गुडघ्याला सावरणार कोण?"

पळताना माझा उजवा गुडघा एकदम मुडपायचा. कमरेतही कळ यायची, मांडीला मुंग्या यायच्या, पण डॉक्टरांनी खोदून विचारेपर्यंत ते मला सांगण्यासारखं वाटलं नव्हतं. तात्यांनी ठरवलं, गुडघा कच्चा आहे. मग ट्रकचा जुना टायर दोरीनं बांधून मला जास्तच पळवलं. टायर सगळ्याच मुली ओढतात. "आज बैलास्नी सुट्टी हाय गं!" असं एकमेकींना चिडवत ओढतात.

"टायर कुठं बांधत होता?" डॉक्टरांनी विचारलं.

"कमरंला," तात्या म्हणाले, आणि त्यांची नजर माझ्या कमरेवर गेली.

मैदानी चाचणी जवळ आली होती. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. सरकारी नोकरीतही पहिली मीच जाणार, असं सगळ्यांनी धरलं होतं. "पळता येईल का?" एवढं विचारायलाही मला धीर गोळा करावा लागला.

"यंदा नाही. आत्ता पळालीस तर हा अशक्तपणा कायमचा राहू शकतो."

मी मान हलवली. रडू आलं नाही.

पुढं गोळ्या आणि फिजिओथेरपी. आडवं पडून पाय सरळ उचलायचा, धरायचा, खाली ठेवायचा. तुमचा गुडघा असा दगा देत असेल, तर कमरेचं आणि मुंग्यांचंही डॉक्टरांना सांगा. विचारण्याची वाट बघू नका.

चाचणीच्या दिवशी तात्या बाकीच्या मुलींबरोबर मैदानावर जातील असं वाटलं होतं. ते माझ्याबरोबर फिजिओथेरपीसाठी मिरजेला आले. त्या दिवशी उजवा पाय पहिल्यांदा न थरथरता वर राहिला. पुढच्या भरतीत पळेन का, ते डॉक्टरांनाही आत्ता सांगता येत नाही.

परतताना स्टेशनच्या पुलावरून मी कठडा न धरता उतरले. तात्या माझ्यापुढं एक पायरी खाली, तिरके होऊन, हात जरा पसरून उतरत होते. मी पडले नाही. तरी शेवटच्या पायरीपर्यंत त्यांनी हात खाली घेतले नाहीत.