अर्थिंगच्या पट्टीखालचा काळा रंग

गाडीला लिंबू-मिरची बांधणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगल केली. चाकूरला नांदेड-लातूर रस्त्यावर माझं गॅरेज आहे, वीस वर्षं झाली. गाडी बिघडते त्याला कारण असतं आणि ते पाना घेऊन शोधलं की सापडतं, एवढाच माझा धर्म. पण मागच्या डिसेंबरात जे झालं ते सांगायचं तर आधी स्वतःची लाज सांगावी लागते... म्हणून इतके दिवस लिहिलं नव्हतं.

शिरूर अनंतपाळचे मन्मथअप्पा, बी-बियाणांचे दुकानदार, माझे जुने गिऱ्हाईक. त्यांच्याकडं पंचवीस वर्षांची डिझेल जीप आहे. दसऱ्याआधी आमच्याकडं गाड्या धुऊन, चॅसीला, म्हणजे खालच्या सांगाड्याला, काळा रंग मारून खंडेनवमीच्या पूजेला तयार करतात. त्या आठवड्यात माझ्या दारात अकरा गाड्या उभ्या होत्या. अप्पांची जीप रंगवली आणि तेवढ्यात तिचा स्टार्टर, म्हणजे सेल्फची मोटर, उतरवून नांदेडला खलील उस्तादांकडं दुरुस्तीला पाठवला, परत आला तसा बसवून टाकला.

उस्ताद म्हणजे माझे गुरू. त्यांच्या दुकानात मी सहा वर्षं काम शिकलो, त्यांच्या बायकोच्या, चाचींच्या, हातचं जेवलो. सेल्फ मारल्यावर इंजिन जड फिरत असेल तर ते आधी मीटर काढत नसत. तीन-चारदा सेल्फ मारायला लावायचे आणि मग एकेका जोडावर उजवा तळहात ठेवत जायचे. जो जोड गरम लागला, तिथं करंट अडतोय. असले शेकडो फॉल्ट त्यांनी हातानं काढलेले मी पाहिलेत.

दसरा झाला आणि चौथ्या दिवशी अप्पा जीप घेऊन आले. सेल्फ मारला की घर्र... घर्र... दमेकऱ्यासारखं फिरायचं, मग कशीबशी सुरू व्हायची. मी बॅटरी तपासली, ठणठणीत होती. हाताखालून नवीन काय गेलं होतं? उस्तादांचा स्टार्टर. झालं, निदान पक्कं. शेजारच्या चहाच्या टपरीवर चार माणसं बसलेली, त्यांच्यादेखत अप्पांनी विचारलं. मी हसत म्हणालो, "उस्तादचा हात गेला आता अप्पा. दिसत न्हाई त्यांना. नवाच टाकू." माणसंही हसली.

असली गोष्ट पायानं चालत नाही, पळते. दोन दिवसांत उस्तादांचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता. जीप नांदेडला घेऊन ये, मी बघतो, म्हणाले. अप्पांना घाई आहे, अशी मी थाप मारली. मग ते म्हणाले, "अर्थिंगला हात लावून बघितलास का बेटा?"

"हाव, बघितलं," मी म्हणालो.

बघितलं नव्हतं. एवढं साधं मला कोण शिकवतंय, असा ताठा होता. "ठीक है" म्हणून त्यांनी फोन ठेवला. पंधरा दिवसांनी त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. माझ्यामुळं, असं मी म्हणत नाही. वय होतं, बीपी होता. पण त्यांनी मला विचारलेला शेवटचा प्रश्न तो आणि त्याला मी दिलेलं उत्तर खोटं, हे तर खरंच आहे.

नवा स्टार्टर टाकूनही जीप जडच फिरत होती. अप्पा चांगले म्हणून चालवून घेत होते. डिसेंबरात थंडी वाढली आणि एका सकाळी ती सुरूच झाली नाही. अप्पांनी दुसऱ्या गाडीला बांधून ओढत आणली. संध्याकाळी मी तिची बॅटरी काढून चार्जिंगला लावली, शटर ओढलं, कुलूप घातलं. किल्ली एकच, ती माझ्या खिशात.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आलो. कुलूप जसंच्या तसं, बॅटरी कोपऱ्यात चार्जरवर. जीपखाली राहिलेला पाना काढायला आडवा सरकलो आणि आधारासाठी चॅसीला हात लावला — चटका बसला. इंजिनपासून चॅसीला येणारी तांब्याची विणलेली पट्टी असते, तीच अर्थिंग. तिचा बोल्ट तापलेला होता, चुलीवरून उतरवलेल्या तव्यासारखा. आजूबाजूचं लोखंड बर्फगार. जिला बॅटरीच नाही, त्या गाडीत करंट येणार कुठून? चार-पाचदा हात लावून पाहिला. माझ्या डोळ्यांदेखत तो बोल्ट हळूहळू गार होत गेला.

भीती वाटली हे कबूल करतो. पण मिस्त्रीचा हात गप्प बसत नाही. बोल्ट खोलला. पट्टीखाली जाड काळा रंग. दसऱ्याच्या गडबडीत मीच चॅसी रंगवली होती आणि ओल्या रंगावरच पट्टी परत आवळली होती. रंगातून करंट जाणार कसा? रंग खरवडला, पट्टी लावली, बॅटरी बसवली. अर्ध्या सेल्फला इंजिन सुरू झालं. मग फळीवर पडलेला उस्तादांचा स्टार्टर परत चढवून पाहिला. तोही अर्ध्या सेल्फला. मी तिथंच मातीत बसलो. स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती.

दुपारी नांदेड गाठलं. चाचींनी दार उघडलं. डोळे रडून सुजलेले. सकाळी सातला उस्तादांना उठवायला गेल्या, तर उजव्या तळहातावर मोठा फोड, भाजल्यासारखा. "दोन महिने झाले, त्यो हात हललासुद्धा न्हाई रे," त्या म्हणाल्या. "चहा न्हाई, पानी न्हाई, शेगडी न्हाई. डॉक्टर मलाच विचारून राहिला, काय सांडलं म्हणून." मी माझा हात पाहिला. तो बोल्ट मी चार-पाचदा धरला होता. साधी लालीही नव्हती.

चाची चहा ठेवायला आत गेल्या तेव्हा मी उस्तादांच्या खाटेशी बसून सगळं सांगितलं. रंग, टपरी, फोनवरचं खोटं. ते माझ्याकडं बघत होते. सांगून झाल्यावर त्यांनी डाव्या हातानं चादर ओढली आणि पट्टी बांधलेला हात झाकून टाकला. मला दिसू नये म्हणून. मला रडू आवरेना.

बॅटरी नसताना बोल्ट कसा तापला, मला माहीत नाही. लुळा हात कशानं भाजला, तेही नाही. दोन डॉक्टरांना आणि एका इलेक्ट्रिकल इंजिनिअरला विचारलं. आता मी शोधायचंही सोडलंय. पण उस्तादांचा स्टार्टर चांगला होता, हे मला पक्कं माहीत आहे. मन्मथअप्पा अजून टपरीवर सांगतात की असला अवघड फॉल्ट फक्त मीच काढू जाणे. ती चार माणसं माना डोलावतात. मी चहा पितो आणि अजून गप्प बसतो.