इरल्याखालचा साक्षीदार

"इथं ओळखी चालत नाहीत. मागं हो."

न्यायाधीश माझ्या बाबांना म्हणाले. एकेरीत. बाबांनी हात जोडून एवढंच विचारलं होतं, "साहेब, वळखलं नाय?" वकिलांच्या बाकांवर हशा पिकला. एक जण म्हणाला, "आता जेवायलाही बोलावेल!"

बोलावलं होतं. तेच सांगायचं आहे.

मी चौथीत असताना हे गृहस्थ आमचे आमदार होते. मूळचे वकील. डोळखांबकडच्या आमच्या पाड्यावर ते नाचणीच्या लावणीत आले. आईनं स्वतःचं पानांचं इरलं काढून त्यांच्या डोक्यावर ठेवलं आणि ती भिजत राहिली. त्यांनी पॅन्ट दुमडून उतारावर रोपं लावली. आमच्या ओट्यावर भाकर खाल्ली. म्हणाले, "ही जमीन तुमचीच. मी साक्षीला आहे." अख्ख्या पाड्यानं त्यांना पुन्हा मतं दिली. पुढं राजकारण सोडून ते न्यायाधीश झाले, तेव्हा आम्ही ढोल वाजवला. आपला माणूस खुर्चीत बसला होता.

आता त्याच उतारावरून आम्हाला उठवण्याचा दावा त्यांच्यापुढं होता. सरकारी वकिलांच्या मते आमची शेती अलीकडची, म्हणजे अतिक्रमण. आम्हाला वकील नव्हता.

"पाड्याबाहेरच्या कुणी ही जुनी शेती पाहिली आहे?" न्यायाधीशांनी विचारलं.

बाबांनी मान खाली घातली. "कोनी नाय, साहेब."

आमच्यात घरची भाकर खाल्लेल्याला कज्ज्यात ओढत नाहीत. बाबा जमीन घालवून पाहुण्याचा मान राखत होते. आणि पाहुणा? त्यानं बाबांकडं पाहिलं आणि नजर कागदांत खुपसली. तो विसरला नव्हता.

मी रसायनशास्त्र शिकते. निरीक्षकाचा हुद्दा वाढला म्हणून निरीक्षण बदलत नाही.

मी उभी राहिले. "साक्षीदार आहे. आपण स्वतः."

"हिला बाहेर काढा."

पायऱ्यांवर बाबा कडाडले, "गो, पावन्याचा नाव असा काढतात?"

"पाहुणा 'मागं हो' म्हणत नाही, बाबा."

बाबा अर्जावर सही देणार नाहीत. दाव्यात आईचंही नाव आहे, ती देईल. पुढच्या तारखेला आमच्या दोन मागण्या असतील. दावा दुसऱ्या न्यायाधीशांपुढं चालावा, कारण साक्षीदाराला निवाडा करता येत नाही. आणि साक्षीसाठी पहिलं बोलावणं यांनाच जावं.

ते पिंजऱ्यात उभे राहतील तेव्हा मी आईच्या शेजारी असेन. प्रश्न ती विचारेल. तिनं तो आताच ठरवला आहे: "साहेब, तवा तुमच्या डोक्यावर इरला कोनाचा व्हता?"