वारा बघून लावलेलं निरांजन

आमच्या साडूंचा या जगात कशावरही विश्वास नाही. शिडीवर नाही, स्टुलावर नाही, गॅसच्या शेगडीवर नाही आणि माझ्यावर तर मुळीच नाही. उमेदीची वर्षं त्यांनी कुरकुंभला केमिकल कंपनीत शिफ्टा करण्यात घालवली. तिथं गळती झाली की आधी वारा बघायचा आणि मग पळायचं. हे त्यांच्या अंगात इतकं मुरलं की दौंडहून आमच्याकडे शिरूरला जेवायला आले तरी उंबऱ्यातच विचारतात, "वारा कुठून येतोय?" मग पानं वाढेपर्यंत आमच्या सिलिंडरच्या नळीला साबणाचा फेस लावून, बुडबुडे फुगतात का ते चष्मा कपाळावर चढवून बघत बसतात. आजवर कधी फुगले नाहीत. त्यानं त्यांचा चेहरा जरासा पडतो, असं आपलं माझं मत आहे.

कंपनी सोडून त्यांनी एसी बसवायचा धंदा काढला, मग तर विचारूच नका! सज्ज्यावर उतरायचं तर कमरेला पट्टा, पट्ट्याला दोर, आणि दोर ज्या हुकाला बांधायचा त्याला आधी स्वतः लोंबकळून बघणार. एकदा आमच्या माळ्यावरची पातेली काढायला स्टुलावर चढले, तेव्हा दोराचं दुसरं टोक माझ्या कमरेला बांधलं.

"मी पडलो तं तुम्ही धरा."

"आणि तुमच्याबरोबर मीच ओढला गेलो तर?"

"मंग जरा जेवत जावा की!"

जुन्या मशीनमधला गॅस सिलिंडरमध्ये न भरता तसाच सोडून देणारा फिटर दिसला, की त्याची खैर नाही. "हवा काय तुझ्या बापानं आंदण दिली व्हय रं?" असं भर रस्त्यात विचारतात.

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या एकुलत्या लेकीचं राहू गावच्या एका घरी जमत आलं. मुलगा पोरीला मनापासून आवडला होता. आम्ही भाचीला घेऊन सुपारी फोडायला गेलो, तर व्याह्यांनी नव्या जोडप्याच्या खोलीत एसी बसवून घेतलेला. नवी वस्तू ओवाळल्याशिवाय चालू करायची नाही, मग ती विहिरीवरची मोटार असो की मिक्सर, ही आपल्याकडची रीत. दिवा विझू नये म्हणून खिडक्या लावल्या, मशीनला कुंकू लागलं, विहीणबाई निरांजन घेऊन पुढे झाल्या. तोच आमचे साडू "थांबा!" म्हणून ओरडले आणि एका फुंकरीत त्यांनी निरांजन विझवलं.

"आगं बया! सुपारीच्या दिवशी तोंडानं दिवा फुकला!" मुलाच्या आत्याबाईंनी कपाळावर हात मारला. "नगं ही सोयरीक!"

भाचीचा चेहरा पांढराफटक पडला. मला साडूंचा असा संताप आला की सांगता सोय नाही.

"काय बी बोला, पन आदी भाईर व्हा," साडू म्हणाले. "खिडक्या उघडा. बटनाला हात लावू नका."

सगळ्यांना अंगणात काढून त्यांनी बाहेरूनच मेन स्विच पाडला. मशीनखालच्या नळीच्या नटाशी त्यांना तेलकट ओल, म्हणजे गॅसगळतीची खूण, दिसली होती. खोलीत चांगली हवा खेळल्यावर तिथं साबणाचा फेस लावला, आणि बुडबुडा टम्म फुगला.

"ह्यो गॅस पेटतू," ते हळूच म्हणाले, "आन् ह्याला वास बी न्हाई."

"पन दिवा..." आत्याबाईंचं चालूच होतं.

"वन्सं, जरा गप बसा," विहीणबाई म्हणाल्या. "ह्या मानसानं सोताच्या लेकीची सोयरीक मोडंल म्हून मागं बघितलं न्हाई, आमचं घर बघितलं. पाव्हणं, दिवा तुम्हीच लावा. कुठं लावायचा त्ये बी तुम्हीच सांगा."

साडूंनी अंगणात ओलं बोट वर धरून वारा बघितला आणि तुळशीच्या आडोशाला निरांजन लावलं. सुपारी तिथंच फुटली.

परवा ते आमच्याकडे आले. वारा विचारला नाही, स्वयंपाकघरात डोकावले नाहीत. मग म्हणाले, "लेकीकडं जाऊन आलो. देवापुढं दिवा लावायच्या आदी खिडकी उघडती. मी सांगितलं न्हवतं. तिथं आता माजं काय काम?" आणि भिंतीकडे बघत बसले.

मला काही ते बघवेना. मगात साबण कालवून मी त्यांच्यासमोर ठेवला आणि म्हटलं, "जरा बघता का? गॅसचा वास येतोय."

वास कसला डोंबलाचा! पण साडूंनी चष्मा कपाळावर चढवला आणि लगबगीनं उठले.