भिंत पुसायची नाही

परवा नातसून फोन घेऊन माझ्यापाशी आली. वाडीतल्या बायकांचा फोनवर एक ग्रुप आहे, तो ती चालवते. कुणीतरी त्यात सरपंचाविषयी काहीबाही लिहिलं, सरपंच तापला, बायका घाबरल्या. मला विचारते, "आजी, तिला काढून टाकू का? एकीपायी सगळा ग्रुप मोडायला नको."

म्हटलं, आधी चहा ठेव, मग बस. आमच्या वेळी फोन कुठला? पण भिंत होती. आणि त्या भिंतीला लागलेलं रक्त मी या डोळ्यांनी बघितलंय.

पालीच्या बाजाराला पायी जाऊन यावं एवढ्यावर आमचं गाव. गावात महिला मंडळाची एक खोली होती. आत शिवणाची मशिनं, बाहेर अंगणात उखळ. शिमग्याच्या आधी आम्ही तिथे मसाला कांडायचो आणि बाजारात विकायचो. खोलीची रस्त्याकडची भिंत आम्ही काळी केली होती. बॅटरीतले संपलेले सेल गोळा केले, आतला काळा गाभा कुटला, जास्वंदीच्या पाल्याच्या चिकट रसात कालवला आणि चोळचोळून फासला. फळा काय करील असा रंग बसला. खडू शाळेतून मागून आणायचे.

नियम काकींनी घातला. काकी म्हणजे आमच्या मंडळाच्या अध्यक्ष, नात्याने कुणाच्याच काकी नव्हेत आणि सगळ्या गावाच्या काकी. त्या म्हणाल्या, "ज्याला जे लिहायचंय ते लिहा. दुसऱ्याचं पुसायचं नाही. पटलं नाही तर खाली लिहा. सोमवारी सगळी भिंत धुवायची, की झालं." मी शाळेत जेमतेम गेलेली. वाण्याच्या पुडीचे कागद वाचून वाचून अक्षरं पक्की केली. मला तो नियम फार आवडला. पटलं नाही तर तसं लिहा, असं गावात बायकांना कोण सांगत होतं तोवर?

पहिल्यांदा काय, गंमतच. कुणाची म्हैस सुटली, कुणाची कोंबडी कुणाच्या रश्श्यात गेली, एसटी आज येणार की नाही. मग मुंबईत गिरण्या बंद पडल्या आणि गावचे पुरुष पेट्या घेऊन परत आले. हाताला काम नाही. सकाळपासून पारावर बसायचे, दुपारी आंब्याच्या बागेमागे दारूचा अड्डा होता तिकडे जायचे. आणि घराघरातून कांडप चालल्यासारखे आवाज यायचे. कांडप नसायचं ते. दुसऱ्या दिवशी विहिरीवर विचारलं की उत्तर ठरलेलं, पडले गो.

पुरुषही भिंतीवर लिहायला लागले. एकदा माझंच लिहिलं, अमकी दुपारच्या एसटीला का जाते, कंडक्टरला भेटायला. बायकांनी फडकी ओली केली. म्हटलं, थांबा, नियम माझ्यासाठी वेगळा नाय. आणि खाली लिहिलं, "आठवडाभर आपल्या गावात एसटीच फिरकली नाही, तर कंडक्टर कुठून आला?" गाव दोन दिवस हसलं. माझा नवरा मुंबईतच राहिला होता. त्याला कुणीतरी जाऊन सांगितलं, तर तो म्हणाला म्हणे, माझी बायको कंडक्टरशीही भांडून त्याला खाली उतरवील.

म्हणजे घाण मी सहन केली होती. हे आधीच सांगते, नाहीतर वाटेल दुसऱ्याच्या जिवावर गप्पा मारते.

माझ्या शेजारच्या घरी दोन सुना. धाकटीला आम्ही धाकलीच म्हणायचो. तिचा नवराही गिरणीतून परतलेला. ती कधीच पाठ भिंतीला टेकवून बसायची नाही, जरा पुढे वाकून बसायची. चुलीपाशी पडले म्हणायची. शिमग्याच्या आधी एका सकाळी आम्ही भिंतीपाशी आलो, तर मोठ्या अक्षरात लिहिलेलं: "माझ्या पाठीवर डाग आहे तो पडून झालेला नाही. नवऱ्याने चुलीतलं जळतं लाकूड लावलं." खाली स्वतःचं पूर्ण नाव.

वाचलं आणि कामाला बसलो. मिरच्या उखळात पडत राहिल्या.

दुपारी तिचा नवरा आला. प्यायलेला नव्हता, हे मुद्दाम सांगते. धाकली आमच्यात बसून देठं खुडत होती. त्याने केसांना धरून तिला उठवलं, फरफटत भिंतीपाशी नेलं आणि तिचं तोंड भिंतीवर दाबून अक्षरांवरून घासायला लागला. "पूस! तोंड वर करून लिहिलंस ना, तोंडानेच पूस!" भिंत चिऱ्याची. वरून काळी केली म्हणून काही गुळगुळीत झाली नव्हती. पहिल्या घासण्याला कातडं निघालं. दुसऱ्या घासण्याला खडूचा पांढरा रंग लाल झाला. तिच्या घशातून नुसती हवा निघत होती.

मी मुसळ उचललं आणि त्याच्या गुडघ्यावर घातलं. तो खाली आला. आल्या आल्या त्याने माझा पाय ओढला. मी त्याच्या अंगावर पडले आणि दोन्ही हात त्याच्या डोळ्यांवर फिरवले. सकाळपासून लवंगी मिरची कांडत होते मी. बैलासारखा हंबरला तो.

मग एक झालं, ते अजून आठवतं. धाकली भिंतीच्या पायाशी पडलेली, गालाचं मांस उघडं, आणि आमच्यातल्या एकीलाही तिला हात लावता येईना. सगळ्यांचे हात तिखटाचे. नुसत्या हात वर करून उभ्या. काकी तेवढ्या आत मशिनवर होत्या. त्या धावत आल्या, तिचं डोकं मांडीवर घेतलं, नुकताच शिवलेला कोरा परकर तिच्या गालाला लावला आणि त्याला म्हणाल्या, "मेल्या, हात झडतील तुझे." हे काकींचं सांगायला हवं. पुढे त्यांचं माझं वाजलं, म्हणून हे आधी सांगते.

अर्धी ओळ पुसली गेली होती. अर्धी राहिली. "पडून झालेला नाही" एवढं स्पष्ट वाचता येत होतं.

गावकी बसली. देवळासमोर सहाण आहे, शिमग्यात देवीची पालखी जिथे बसवतात तो चौथरा. तिथे पुरुष वर, आम्ही खाली. धाकलीच्या नवऱ्याने सहाणेवर हात ठेवून शपथ घेतली, "ती चुलीपाशी पडली. मी लाकूड लावलं नाय. देवी बघते." डोळे अजून सुजलेले. धाकलीला कुणी विचारलं नाही. तोंड बांधलेलं होतं, बोलता येत नाही म्हणाले.

पालखीचे मानकरी वयस्कर, आवाज कधी चढवायचे नाहीत. म्हणाले, "भिंत मोडा असं आम्ही म्हणत नाही. तुमचं मंडळ गावाचंच. पण काय लिहायचं ते आधी दोन माणसांना दाखवा. त्यांनी हो म्हटलं की लिहा. नायतर यंदा तुमच्या कुणाच्या दारात पालखी थांबणार नाही."

बाहेरच्याला कळायचं नाही. पालखी वर्षातून एकदा दारात येते. देवी स्वतः घरी येते, तिची ओटी भरायची, नारळ द्यायचा. मुंबईची माणसं त्यासाठी रजा काढून येतात. दारावरून पालखी पुढे गेली म्हणजे ते घर गावातून उठलं. पुढे मुलीला स्थळ नाही, मयताला खांदा नाही.

गावकीने नेमलेल्या त्या दोन माणसांतला एक धाकलीचा चुलतसासरा होता.

मंडळाच्या खोलीत आम्ही बसलो. काकी म्हणाल्या, "मान्य करू. भिंत थोडे दिवस गप्प राहील. बायका तरी एकत्र राहतील."

मी म्हटलं, "आणि धाकली कुणाला दाखवायला जाणार? तिच्या चुलतसासऱ्याला? मामंजी, तुमच्या पुतण्याने मला भाजलं, लिहू का?"

"तू जास्त शहाणी. तुझा नवरा मुंबईला, तुला मारायला घरात कोण हाय? ह्या सगळ्यांना संध्याकाळी घरी जायचंय."

खोटं नव्हतं ते. 

"बायकाच गेल्या तर त्या भिंतीचं काय लोणचं घालायचंय गो?" काकी म्हणाल्या.

"आणि भिंतच गेली तर बायका नुसत्या मिरच्या कांडायला येतील. कांडायला घरी पण येतं."

हात वर करून मोजलं. जवळजवळ सगळे हात काकींकडे. धाकली कोपऱ्यात बसली होती, तिने कुणाकडेच हात केला नाही. ठरलं, शिमग्यानंतरच्या सोमवारी भिंत धुवायची आणि तिथून पुढे दाखवून लिहायचं.

आता आमच्याकडचा शिमग्याचा होम सांगते. काही गावांत रात्री लागतो, आमच्याकडे उन्हं कलली की. होम पेटला की पुरुष भोवती फिरतात आणि बोंब मारतात, पालथा हात तोंडावर आपटत. त्या वेळी कुणी कुणाविषयी काय वाटेल ते ओरडावं. कुणी शेताचा बांध सरकवला, कुणी चुलत्याला फसवलं. मानकऱ्यांना तोंडावर कंजूष म्हणतात आणि मानकरी हसतात. बोंबेवर रागवायचं नाही, हात उगारायचा नाही. पालखी सहाणेवर असते, देवी ऐकत असते. पिढ्यान् पिढ्या असंच.

बाया लांब आंब्याखाली उभ्या राहतात. बोंब बायकांची नाही. पण नको असं कुणी कधी सांगितलंही नव्हतं, कारण कुणी कधी मारलीच नव्हती.

होम भडकला. गवत वर उडत होतं. माझ्या बाजूला धाकली उभी होती. तिने तोंडाचं फडकं सोडलं, पदर खोचला आणि चालत सरळ पुरुषांच्या रिंगणात गेली. मला वाटलं आगीत जाते. मी ओरडले. ती होमापाशी थांबली, पालथा हात तोंडावर मारला. गालाची खपली फुटली, रक्त हनुवटीवर आलं. आणि ओरडली, "माझ्या नवऱ्याने मला जळत्या लाकडाने भाजलं, बो बो बो!"

ढोल थांबला. पुरुषांनी मानकऱ्यांकडे बघितलं. मानकऱ्यांनी सहाणेकडे बघितलं, पालखीकडे. काय बोलणार ते? तिची बोंब होती. नियम त्यांच्या आजोबांच्या आधीचा.

ती दुसऱ्यांदा ओरडली. तेव्हा तिचा नवरा पुढे झाला. वाकला, होमातलं जळतं लाकूड उचललं. असं सहज उचललं हो, रोजच्या कामाचं असावं तसं. कुठे धरायचं, कुठे धग लागत नाही, सगळं हाताला ठाऊक. आणि तिच्या खांद्यावर हाणलं. पदर पेटला.

सहाणेवर हात ठेवून जे नाही म्हणाला होता, ते सगळ्या गावासमोर, देवीसमोर करून दाखवलं त्याने.

मी पदर विझवायला धावले, तळहात भाजले. मागे वळून बघते तर पुरुष त्याच्यावर तुटून पडलेले. लाथा, काठ्या, ढोलाच्या टिपऱ्यासुद्धा. "बोंबेवर हात टाकतोस? पालखीसमोर?" हाड मोडल्याचा आवाज ऐकला मी, ओल्या फांदीसारखा. बायकाही घुसल्या. कुणीतरी दगड मारला, तो त्याच्या कपाळावर बसला. मानकरी "पुरे, पुरे" म्हणत होते, कोण ऐकतो. मेला नाही तो. पाय मात्र वाकडाच बसला त्याचा पुढे, जन्मभर.

गाव खूश. जो तो धाकलीला म्हणायला लागला, "बघ, गाव तुझ्या पाठीशी उभं राहिलं." मानकरीही नरमले. काकींना निरोप आला, आता दाखवायला नको, लिहा खुशाल, पालखी सगळ्यांच्या दारात येईल. फक्त गावकीविषयी तेवढं लिहू नका.

काकी हसत हसत आल्या. "झालं की नाही तुझ्या मनासारखं?"

आम्ही भिंतीपाशी गेलो, तर धाकली लिहीत होती. पट्टी बांधलेल्या खांद्याचा हात वर जात नव्हता, म्हणून खाली बसून लिहीत होती. "गावाने माझ्या नवऱ्याला मारलं ते बोंबेसाठी मारलं. माझ्यासाठी नाही मारलं. माझ्यासाठी मारायचं तर आधी मारलं असतं."

काकींचा चेहरा पडला. मागून बायका आल्या, वाचलं, एकेक बोलायला लागल्या. "ही काय गो कृतघ्न?" "माझ्या घोवाने हात सुजवून घेतला हिच्यासाठी!" "पूस ते. मानकऱ्यांनी बघायच्या आत पूस."

काकींनी फडकं माझ्या हातात दिलं. "हिच्याशी तूच बोल. एवढी एक ओळ. सगळं जमून आलंय गो, एका ओळीवर घालवू नको."

धाकली माझ्याकडे बघत होती. काही मागत नव्हती, नुसती बघत होती. तळहात माझे भाजलेले, फडकं धरताना आग होत होती.

मी म्हटलं, "काकी, पटलं नाही तर खाली लिहा. नियम तुमचाच."

"मग बस भिंत घेऊन," काकी म्हणाल्या आणि गेल्या. जवळजवळ सगळ्या गेल्या. मशिनं देवळाच्या खोलीत नेली, मंडळही तिकडेच भरायला लागलं. भिंतीपाशी उरलो आम्ही चार-पाच जणी.

पालखी आली त्या दिवशी मी अंगण सारवलं, रांगोळी काढली, ताटात ओटी, नारळ. धाकली माहेरी जायची ती माझ्याकडेच राहिली होती. ढोल जवळ आला. शेजारच्या दारात पालखी नाचवली, गुलाल उधळला. मग माझ्या दारावरून पुढे गेली. मानकऱ्यांनी वर बघितलं नाही. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. देवीशी माझं काय भांडण होतं?

दुपारी तो नारळ घेऊन आम्ही भिंतीपाशी गेलो आणि खोलीच्या पायरीवर फोडला. खोबरं खात बसलो होतो, तर रस्त्याने काकी आल्या. एकट्याच. धाकलीने एक तुकडा पुढे केला. काकींनी उभ्या उभ्या खाल्ला. भिंतीवरची ओळ पुन्हा वाचली, हळूहळू, ओठ हलवत. मग पायरीवरचा खडू उचलला आणि खाली लिहिलं, "खोटं आहे. तो दगड मी मारला. तुझ्यासाठी मारला." खाली स्वतःचं पूर्ण नाव.

खडू ठेवून हात झटकले आणि देवळाकडे चालू लागल्या.