धाकटीचा पहिला महिना आणि माझी वही

पिशवीची एक बाजू शिवून झाली होती. दुसऱ्या बाजूत मशीनची सुई रुतवून मी पांढरा दोरा शोधत होते, तेवढ्यात धाकटी दारात. चपला एक इकडे, एक तिकडे. कडेवर भिंगरी झोपलेली आणि काखेत दोन वह्या, एक तिची, एक माझी.

"ये गं. तिला आत पलंगावर टाक. पाणी देऊ?"

"पाणी नको. मला भांडायचंय. तुमच्याशी नाही, तुमच्या वहीशी."

धाकटी म्हणजे माझी जाऊ, यांच्या धाकट्या भावाची बायको. भावजींना इथल्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून महिन्यापूर्वी ती दोघं आणि तीन वर्षांची भिंगरी सामानाच्या सात खोक्यांसकट इथे आली. दोन गल्ल्या सोडून, दुसऱ्या मजल्यावर दीड खोली घेतली. लग्नाआधी धाकटी बिस्किटांच्या कारखान्यात वजनकाट्यावर होती. पुडा दोन ग्रॅम कमी भरला तरी बाजूला काढायची. ती सवय अजून गेलेली नाही. भाजी घेताना नजर भाजीवर नसते, काट्यावर असते. आमचे हे तिला पाठीमागे 'तागडी' म्हणतात. तिला ते ठाऊक आहे आणि त्याचा तिला थोडा अभिमानसुद्धा आहे.

माझी वही तिच्या हिशेबात कशी शिरली ते सांगायला हवं, कारण सगळं तिथेच बिघडलं.

गेली अकरा वर्षं मी रोज वही लिहिते. पानाच्या वर देवाचं नाव, खाली दिवसाचा खर्च, त्याखाली घडलं-बिघडलं. नोकरीचा होकार कळवायच्या आधी भावजींचा फोन आला होता. "वहिनी, चोवीस हजारांत तिथे तिघांचं भागेल का हो? तुमच्या वहीत बघून सांगा ना." मला काय, हौसच. चष्मा लावून बसले, तीन महिन्यांची सरासरी काढली आणि ऐटीत सांगितलं, "आमच्या चौघांचा घरखर्च विजेसकट नऊ हजार चारशे. तुमचं तर एक तोंड कमी. सात हजार भाडं धरा, बाराशे बसचे धरा. वर सहा हजार शिल्लक टाकाल!"

त्या आकड्यावर त्यांनी आधीची खोली सोडली, नोकरी घेतली. पहिल्या महिन्याचा प्रत्यक्ष खर्च झाला सव्वीस हजार तीनशे. दोन हजार तीनशेची तूट, ती गाठीच्या पैशांतून भरली. गाठीला आता एवढंसं उरलंय. दुसऱ्याला सल्ला द्यायला गेले आणि हात दाखवून अवलक्षण करून बसले.

पगार सहा महिन्यांनी, नोकरी कायम झाली की वाढणार आहे. म्हणून भावजींनी ठरवलं की तोवर मायलेकींनी माहेरी राहायचं आणि आपण चार जणांत मिळून कामगारांच्या खोलीत. रविवारच्या बसचं तिकीटही काढून आणलं, एक पूर्ण आणि भिंगरीला वेगळी जागा मिळावी म्हणून एक अर्धं. हिशेबाच्या बाजूने बघितलं तर चुकीचं काहीच नाही. पण मागच्या नोकरीत ते असेच आठ महिने लांब होते. परत आले तेव्हा भिंगरी दाराआड लपली आणि आईला म्हणाली, "हे काका कधी जाणार?" भावजी हसले होते. धाकटी हसली नव्हती. तिचं त्या दिवसापासून एकच आहे: उपाशी राहू, पण एका घरात राहू.

"उपाशी राहायची भाषा करू नकोस," मी तेव्हाही म्हटलं होतं.

"मग आकडा आणा," ती म्हणाली होती.

आज सकाळीच ती माझी वही ताडून बघायला घेऊन गेली होती, आणि आता तोच आकडा शोधायला आली होती. मशीनवरच्या कापडाच्या चळतीवर तिने माझी वही उघडून ठेवली, पेन्सिल कानावरून काढली.

"भाडं राहू द्या. घरमालकाने पाण्याचे वेगळे, जिन्यातल्या दिव्याचे वेगळे, झाडायचे वेगळे लावून साडेआठ केले, त्यात तुमचा दोष नाही. बसचं पण तसंच. कारखान्याची गाडी आमच्या बाजूला येत नाही, दोन बस बदलाव्या लागतात. पण घरखर्च? तुमचे चौघांचे नऊ हजार चारशे आणि माझे तिघांचे पंधरा हजार चारशे? मी काय सोनं शिजवते का?"

"भिंगरी जरा जास्त दूध पिते..." मी आपलं काहीतरी म्हटलं.

"दूधच घ्या आधी. तुमच्या वहीत दूध माझ्या निम्म्या भावात. कुठून आणता?"

"अगं, हे डेअरीतच ना कामाला. कर्मचाऱ्यांना त्या भावात मिळतं."

तिने माझ्याकडे पाहिलं. वहीत दुधापुढे फुली मारली. "भाजी?"

"भाजी कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडून. तुझीच भाजीवाली ती."

"माझीच. मला ती एक पैसा सोडत नाही. तुम्हाला?"

आता मला अवघडल्यासारखं झालं. भाजीवालीची सासू अंथरुणाला खिळलेली आहे. रोज संध्याकाळी ती सासूला भरवायला घरी जाते, तेवढा अर्धा तास तिच्या गाड्यावर मी बसते. गिऱ्हाईक बघते, पैसे घेते. पुण्याचं काम म्हणून सुरू केलं. ती परत आली की पिशवीत कायकाय टाकते आणि मागते नावाला. हे सगळं मी सांगितलं.

"म्हणजे महिन्याला पंधरा तास," धाकटी म्हणाली. दुसरी फुली. "हे वहीत कुठे आहे?"

"त्यात लिहायचं काय? पैसे कुठे गेलेत?"

"ताई, अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात. मी पाय माझे पसरले हो, पण अंथरूण तुमचं मोजलं होतं!"

तिचा आवाज चढला तशी आत भिंगरी कुशीवर वळली. खरं सांगायचं तर मला रागही आला. महिनाभर ह्या मुलीसाठी मी काय कमी केलं? पंधरा दिवसांपूर्वी देवाच्या वाट्याच्या डब्यातले पाचशे काढून गुपचूप तिच्या तांदळाच्या डब्यात ठेवले. देवाची क्षमा मागितली, म्हटलं, तुझ्या लेकरांनाच देतेय. दुसऱ्या दिवशी हिने ते घडी न मोडता आणून दिले. वर म्हणाली, "देवाचं देवाला द्या. आणि तांदूळ मी मोजून भरते, कळणारच होतं मला." आता अशा माणसाला मदत तरी कशी करायची? द्यावं तर घेत नाही, न द्यावं तर मला घास गिळवत नाही. सकाळच्या प्रार्थनेत मी रोज हेच विचारते आणि रोज मध्येच कुकरची शिट्टी होते.

"पुढे वाच," मी म्हटलं. "एकदाच काय ते होऊन जाऊ दे."

"पुढे पीठ." तिने पान उलटलं, परत मागे आणलं. "दळण, पुढे नुसती रेघ. पानोपान रेघच आहे. तुमच्या घरी भाकऱ्या आभाळातून पडतात का?"

मी मशीनवरच्या पिशवीकडे बोट दाखवलं.

पिठाची गिरणी चालवणारी बाई माझ्या ओळखीची. कापडी पिशव्यांत पीठ भरून ती दुकानांना देते. त्या पिशव्या मी शिवते, महिन्याला चाळीस. ती दळणाचे पैसे घेत नाही. आमच्यात याचं कधी बोलणंच झालं नाही. अकरा वर्षांपूर्वी तिने एकदा कापड दिलं, मी शिवून दिलं, दळण घेतलं, बस.

धाकटीने सुईखालची अर्धी पिशवी सोडवून घेतली. उलटीसुलटी केली. शिवण ओढून पाहिली. "एकीला किती वेळ?"

"दोरा तुटला नाही तर बारा मिनिटं."

"चाळीस म्हणजे आठ तास. तुमचं महिन्याचं दळण बाजारभावाने किती होईल? तीनशे साठ. म्हणजे पिशवीमागे नऊ." तिने पेन्सिल दातात धरली. "ती शिंप्याकडूनही शिवून घेते?"

"घेते ना. माझ्या चाळीस पुरतात कुठे तिला? दोनेकशे बाहेरून घेते. परवाच कुरकुरत होती, शिंपी एकीला वीस मागतो आणि वेळेवर देत नाही म्हणून."

धाकटीने वहीत नवाच्या शेजारी वीस लिहिले. ते बघून मलाच उमगलं.

"पिशवीमागे अकरा कमी," मी म्हटलं.

"अकरा. अकरा वर्षं." तिला हसू आवरेना. "ताई, तुम्ही गिरणीची उधारी नाही ठेवलीत, गिरणी दत्तक घेतलीत!"

नेमके तेव्हाच हे डेअरीतून आले. दारातून शेवटचं ऐकलं असावं. टोपी खुंटीला लावत म्हणाले, "आंधळं दळतंय असं मी नेहमी म्हणतो, तर मला गप्प करते ही."

"तुम्ही गप्पच बसा. दूध ठेवा आत," मी म्हटलं. माझा चेहरा तापला होता. पैशांचं एवढं नव्हतं. गिरणीवाली वाईट बाई नाही, माझ्या आजारपणात दोन वेळ डबा आणणारी आहे. पण रोज रात्री देवाचं नाव घेऊन लिहिलेली वही खोटी ठरली होती, आणि त्या खोट्या वहीवर एका लेकुरवाळ्या घराने सामान बांधलं होतं. वहीत हातातून गेलेला पैसाच तेवढा लिहिला. राबलेला तास कधी लिहिला नाही. लिहायचा असतो हेच ठाऊक नव्हतं.

धाकटी मात्र कामाला लागली होती. "दोन हजार तीनशेला वीसने भागलं तर एकशे पंधरा पिशव्या. बारा मिनिटांनी तेवीस तास. दिवसाला तास धरला तरी पुरतो. भिंगरी दुपारी झोपते तेव्हा तुमच्या मशीनवर. दोऱ्याचे आणि मशीनचे पैसे मी तुम्हाला देणार."

"मशीनचे पैसे? मार खाशील."

"देणार. नाहीतर माझी वही पण तुमच्यासारखी होईल."

"आणि गिरणीवालीशी बोलणार कोण? तू? ताकाला जाऊन भांडं लपवशील. ती अनोळखी माणसाच्या हातात कापड देत नाही."

"म्हणून तर तुमच्याकडे आले. पैसे नकोत मला. ओळख द्या."

एकदा वीसचा भाव निघाला की माझ्या चाळीस पिशव्यांचं काय, हे गिरणीवाली विचारणार नाही का? का मीच विचारायचं? अकरा वर्षांची मैत्री, त्यात आता भाव करायचा. मला नको वाटलं, हे खरं आहे आणि ते मी लिहून ठेवते. पण पलंगावर भिंगरी तोंड उघडं टाकून झोपली होती, आणि रविवार दोन दिवसांवर होता. "येते मी बरोबर," म्हटलं.

कारखान्यातून सुटल्यावर भावजी मायलेकींना न्यायला आले. डोळ्यांखाली काळं, शर्टावर तेलाचा डाग. बायकोने सगळा हिशेब मांडला. त्यांनी उभ्याउभ्याच ऐकला.

"आणि गिरणीवाली नाही म्हणाली तर?"

"तर भाजीवालीला विचारेन. तर घरोघर विचारेन."

"अगं, विचारून पोट भरतं का? शेवटी मीच वाईट ठरतो. मला काय हौस आहे चार जणांच्या खोलीत राहायची? वहिनी, तुम्ही तरी सांगा हिला."

"माझं सांगणं एकदा ऐकलंत, त्याचं काय झालं ते बघताय," मी म्हटलं. यावर ते नाइलाजाने हसले. मग लगेच पुन्हा तोंड पाडून म्हणाले, "तिकीट उद्या अकराच्या आत परत केलं तरच पाऊण पैसे मिळतात. नंतर फुटकी कवडी नाही. आधी गिरणीत जा, हो म्हणाली तर तिकिटाचं बघू."

"नाही. आधी तिकीट."

"का पण?"

"तिकीट घरात असलं की माझा काटा तिकडेच झुकतो. तुमचाही झुकतो. पारड्यात आधीच वजन ठेवून कुणी माप घेतं का?"

आत भिंगरी जागी झाली होती. बाहेर आली, बापाकडे बघितलं, तेलाच्या डागावर बोट ठेवून म्हणाली, "बाबा, हे काय सांडलं?" भावजींनी तिला उचलून घेतलं. मग खिशातून तिकिटं काढली आणि बायकोपुढे धरली. "पाव पैसे बुडणार ते कुठल्या खात्यात लिहिणार आहेस?"

"ताईंच्या," धाकटी म्हणाली, आणि तिकिटं माझ्या वहीत ठेवून वही मिटली.

ती गेल्यावर मी अर्धी राहिलेली पिशवी पुरी केली. मग घड्याळ लावून आणखी चार शिवल्या. एकीला चौदा मिनिटं लागली. बारा म्हणाले होते, तेही चुकलं. आजच्या पानावर खर्चाखाली पहिल्यांदा लिहिलं: पिशव्या चार, मिनिटं छप्पन्न. तिला उद्या हा आकडा सांगायला हवा, एकशे पंधराला तेवीस नाही, सत्तावीस तास लागतील. ऐकून ती पुन्हा भांडेल.

उद्या सकाळी दहाला आम्ही दोघी बसस्थानकाच्या खिडकीवर एक पूर्ण आणि एक अर्धं तिकीट परत करायला जाणार. तिथून गिरणीत.